इवायांचं विमानतळ

विमानाचं वेड असलेली माणसं गावोगाव सापडतील, पण विमानतळाचं वेड असलेला माणूस सबंध मध्यप्रदेशात एकच झाला, आणि दैवयोगानं तो माझा व्याही निघाला. आमच्याकडे व्याह्याला इवाई म्हणतात. माझी मनीषा त्यांच्या मुलाला द्यायची ठरली तेव्हा मी रीतसर सगळं पाहून घेतलं होतं. घर पाहिलं, संत्र्याचा बगीचा पाहिला, विहिरीला उन्हाळ्यात पाणी किती राहतं ते विचारलं, मुलगा कुणासोबत उठतो-बसतो त्याची चार ठिकाणी चौकशी केली. पोस्टात नोकरी केलेला माणूस मी, पत्ता नीट तपासल्याशिवाय काही देत नाही. पण बगीच्याच्या कुंपणापलीकडे एक लांबलचक डांबरी पट्टा उन्हात पडलेला होता, त्याच्याकडे काही माझं लक्ष गेलं नाही. आणि गेलं असतं तरी या घरात खरा मान त्या पट्ट्याचा आहे, हे मला कुठून कळणार होतं? पुरणपोळीवर तूप वाढता वाढता इवाई मला म्हणाले, "घ्या इवाई, पोटभर जेवा. मंग तुमाले आमचं विमानतळ दाखवतो." मला वाटलं, नवीन सोयरीक आहे, थट्टा करत असतील. जेवण झाल्यावर त्यांनी मला भर दुपारी त्या पट्ट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पायी नेलं. परत येईपर्यंत माझी पुरणपोळी पार जिरून गेली होती.

सरकारदरबारी त्या पट्ट्याला हवाईपट्टी म्हणतात. मी राहतो त्या सौंसरहून बसनं अर्ध्या तासावर ती आहे. एक खोली, एक चौकीदार, एक लोखंडी खांब आणि खांबाच्या टोकाला वारा कुठून येतो ते दाखवणारी कापडाची लांब नळी, एवढा तिचा संसार. निवडणुका आल्या की तिथं दोन-चार विमानं उतरत, मोठी माणसं धुरळा उडवत मोटारीतून निघून जात, आणि मग पुढच्या निवडणुकीपर्यंत पट्टा गावाच्या स्वाधीन होई. गाव त्याचा सदुपयोगच करत असे. सौंसर तालुक्यात आज जेवढे लोक चारचाकी चालवतात ते बहुतेक तिथंच शिकले. पोलीस भरतीची पोरं तिथं पळत, बकऱ्या कडेचं गवत खात, बाया मिरच्या वाळवत. इवायांना यातलं काहीही बघवत नसे. त्यांना ना सरकारी हुकूम होता ना पगार, तरी सकाळची न्याहारी झाली की हातात काठी घेऊन ते पट्ट्यावर हजर. चौकीदाराला त्यामुळे फार आराम होता. एकदा एका बाईनं पट्ट्यावर मिरच्या पसरल्या तेव्हा इवाई तिला म्हणाले, "बाई, एखांदं विमान उतरलं अन् त्या डायवरच्या डोळ्यात तिखट गेलं, मंग?" ती शांतपणे म्हणाली, "भाऊ, मांगच्या इलेक्शनपासून इथं घार नाई उतरली." इवायांनी वाद घातला नाही. त्यांनी त्या सगळ्या मिरच्या जागच्या जागी विकत घेतल्या आणि घरी आणल्या. त्यानंतर दोन वर्षं त्या घरच्या वरणालासुद्धा घाम फुटत असे.

विमान आलंच, तर ते गावाचं पाहुणं, अशी त्यांची ठाम समजूत होती. एकदा कुणी मोठे साहेब उतरले आणि आपल्या लवाजम्यासह निघून गेले. विमान चालवणारे दोघे तेवढे दिवसभर त्या खोलीच्या वीतभर सावलीत बसून राहणार होते. इवायांनी त्यांना घरी आणलं. वांग्याची भाजी, भाकर, ठेचा आणि ताक असा बेत विहीणबाईंनी केला. जेवताना इवायांनी त्यांना विमान एका लिटरला किती जातं, म्हशी आडव्या आल्या तर हॉर्न असतो का, आणि वर गेल्यावर आपल्या पऱ्हाटीला फुटलेला कापूस दिसतो का, हे सगळं विचारून घेतलं. निघताना दोघांच्या हातात संत्र्यांची एकेक पिशवी दिली. त्यातल्या मोठ्या पायलटनं संकोचानं सांगितलं की विमानात वजनाचा हिशेब असतो. इवाई म्हणाले, "साहेब, तुमचा हिशोब वर गेल्यावर पाहा. इथून पाहुणा रिकाम्या हातानं गेला तर खाली आमचं नाव जाते." पुढे एका वादळात खांबावरची ती नळी फाटली. नवी मागवण्यासाठी त्यांनी छिंदवाड्याला इतके खेटे घातले की तिथल्या बाबूनं त्यांना आपल्या मुलीच्या लग्नाचं आमंत्रण दिलं, पण नळी काही आली नाही. शेवटी सौंसरच्या शिंप्याकडून त्यांनी ती शिवून घेतली, विहीणबाईंच्या एका केशरी साडीची. पुढे आलेल्या एका पायलटनं रंग लांबून फार स्वच्छ दिसतो म्हणून कौतुक केलं. ते कौतुक इवायांनी घरी येऊन सांगितलं तेव्हा विहीणबाई म्हणाल्या, "दिसणारच. माझ्या मानाची साडी होती थे. मले नेसू देली नाई, वाऱ्याले नेसवली."

असा हा माणूस, आणि एका हिवाळ्यात बातमी आली की आपल्या हवाईपट्टीवरून भोपाळला विमान सुरू होणार. आठ-नऊ माणसांचं छोटं विमान, आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी. इवाई ती बातमी सांगायला स्कूटरवरून माझ्याकडे आले, आणि त्यांच्या अंगावर लग्नातला कोट होता. पहिल्या उड्डाणाला बँड होता, नारळ होता, कलेक्टरसाहेब होते, आणि ज्यांच्याकडे तिकीट नव्हतं असे सगळे बडे लोक विमानात होते. इवाई बसले नाहीत. मी विचारलं तर म्हणाले, "घरचं लगन असलं का बाप पंगतीत बसते का पहिले?" विमान उडालं, त्यांनी हातातली हिरवी झेंडी खाली केली, आणि डोळे पुसून मला म्हणाले, "इवाई, भोपाळ पाऊण तासावर आलं आता. सौंसरच्या बाजारातून भाजी आणाले याच्याहून जास्त टाइम लागते." ही झेंडी त्यांना कुणी दिली नव्हती. त्यांना वाटलं होतं की आगगाडीला लागते तर विमानालाही लागतच असेल.

दुसऱ्या खेपेला विमानात दोन माणसं होती. तिसऱ्या खेपेला फक्त पायलट होते. नंतर नंतर विमान येई, थोडा वेळ उन्हात उभं राही, इवायांनी दिलेला चहा पायलट लोक पीत, आणि विमान जसं आलं तसं जाई. विमान वाईट होतं अशातला भाग नाही. अडचण अशी होती की भोपाळला आमचं कुणी नाही. आमच्या लोकांचा कारभार मोठा मजेदार आहे. सरकार उत्तरेला आहे आणि सोयरे दक्षिणेला. आमच्या पोरी जातात काटोलला, वरुडला, नागपूरला, अमरावतीला. सुना तिकडूनच येतात. माणूस घर सोडून जातो कशाला? लग्नाला, बारशाला, तेरवीला, नाहीतर रुसलेल्या जावयाची समजूत काढायला. यातलं आमचं एकही काम भोपाळला निघत नव्हतं. तिथं निघायचं ते फक्त सरकारी काम, आणि सरकारी कामाला जाताना माणसाला मुळात पोचण्याची घाईच नसते. तो पांढुर्ण्याहून आगगाडीत बसतो आणि झोपून जातो. विमान कंपनीच्या माणसानं इवायांना स्पष्ट सांगून टाकलं की उन्हाळा संपेपर्यंत सवाऱ्या मिळाल्या नाहीत तर हे बंद करावं लागेल. त्या दिवशी इवाई जेवले नाहीत, असं मनीषानं मला फोनवर सांगितलं.

मग त्यांनी सवाऱ्या मिळवायचा विडा उचलला. सर्वांत आधी घरातल्यांचा नंबर लागला. त्यांचे एक चुलतभाऊ आहेत, स्वभावानं गरीब, नाही म्हणता येत नाही असे. त्यांना इवायांनी कापसाच्या काट्यावर उभं करून वजन केलं, डबा दिला आणि भोपाळला पाठवलं. तिथं जाऊन काय करायचं हे दोघांपैकी कुणीच विचारात घेतलं नव्हतं. चुलतभाऊ भोपाळच्या विमानतळावर उतरले, बाहेरच्या बाकावर बसले, डबा खाल्ला, आणि परतीचं विमान तीन दिवसांनी आहे हे कळल्यावर स्टेशनचा रस्ता विचारत विचारत आगगाडीनं पांढुर्ण्याला आले. गावात त्यांना लोकांनी विचारलं, "कसं काय हाय भोपाळ?" ते म्हणाले, "बाक चांगला हाय." अशा आणखी दोन-तीन जणांच्या खेपा झाल्या. सगळे विमानानं जात आणि आगगाडीनं येत. त्यामुळे भोपाळहून येणारं विमान पहिल्यापेक्षाही रिकामं दिसू लागलं.

आणि एक दिवस इवायांना साक्षात्कार झाला. माझ्या ओसरीवर बसून, बशीतला चहा तसाच धरून त्यांनी तो मला सांगितला. "इवाई, मले सांगा, काटोलची बस कायले भरून जाते? तिथं का सोनं वाटून राहिले? आपल्या घरोघरच्या गंज पोरी तिकडं देल्या म्हून भरते. माय जाते, भाऊ जाते, पोट्टी येते, तिचे लेकरं येते. सोयरीक झाली का सवारी आपोआप होते. आपण भोपाळले पोरीच नाई देल्या. विमान कोनाच्या भरोशावर चालन?" यात चूक कुठं आहे हे मला तेव्हा सापडलं नाही, आणि खरं सांगायचं तर अजूनही सापडलेलं नाही. त्या दिवसापासून ज्या घरी पोरगी लग्नाची असेल त्या घरी इवाई जाऊन बसू लागले. नोकरीच्या निमित्तानं भोपाळला स्थायिक झालेली आमच्या समाजाची जी काही थोडी घरं होती, त्यांतली मुलं त्यांनी हुडकून काढली. पोरीचा बाप म्हणे, "भाऊ, पोरगी लय दूर जाते." इवाई म्हणत, "पाऊण तास." पोरीची आई म्हणे, "तिथं कोनी मराठी बोलते का?" इवाई म्हणत, "पाऊण तासात इथं येऊन बोलन." लोकांनी चहा पाजला, हसून घेतलं आणि पोरी काटोललाच दिल्या. शेवटी रामाकोन्याच्या एका गृहस्थांनी मात्र त्यांना सरळच विचारलं, "भाऊ, एवढं जवळ हाय तं तुमची वैशाली कायले नाई देत?" इवाई उठले आणि स्कूटर न घेताच पायी घराकडे निघाले. निम्म्या वाटेवरून त्यांना ती आणायला परत जावं लागलं.

वैशाली म्हणजे त्यांचं शेंडेफळ. बीएस्सी झालेली, बोलण्यात तेज, आणि इवायांना रागावण्याचा अधिकार असलेलं त्या घरातलं एकमेव माणूस. चालताना ते सतत आभाळाकडे बघतात म्हणून ती मागून ओरडे, "बाबा, खाली पाहून चाला, नाली हाय." संध्याकाळचा चहा तिनं केला तरच ते पीत. बाकी कुणी केला तर त्यात साखर कमी असे, दूध कमी असे, काही ना काही कमी असेच. अशा मुलीला ते सौंसरच्या पलीकडे देतील असं आम्हा कुणालाच वाटलं नव्हतं. चार दिवसांनी त्यांनी घरात जाहीर केलं की वैशालीसाठी भोपाळचा मुलगा बघायचा. विहीणबाईंनी बोलणं टाकलं. मनीषाचा फोन आला की बाबा, तुम्ही या. मी गेलो. बगीच्यात खाटेवर बसवून मी त्यांना समजावलं की विमान आज आहे, उद्या नाही, पोरीचा जन्म जायचा असतो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मलाच विचारलं, "तुमची पोरगी माझ्या घरी हाय. तिले पाहाले तुमाले किती वेळ लागते?" मी म्हटलं, "अर्धा तास, बस टायमावर भेटली तं." ते म्हणाले, "मले पाऊण तास लागन. पावक तासासाठी तुम्ही मले एवढं लेक्चर देऊन राहिले?" पोस्टातल्या माणसाला अंतर आणि वेळ यांतला फरक कळायला हवा होता. पण मी खाटेवरून उठलो आणि घरात आलो. आता सगळी भिस्त वैशालीवर होती. ती रडेल, रुसेल, घर डोक्यावर घेईल, अशी विहीणबाईंची आशा होती. ती मात्र एवढंच म्हणाली, "बाबा म्हणते तं पाहून घेऊ." बापाची इतकी आज्ञाधारक मुलगी मी पहिल्यांदाच पाहत होतो, आणि मला तिची फार कीव आली.

मुलगा चांगला होता, घर चांगलं होतं, नाव ठेवायला जागा नव्हती. उन्हाळ्यात लग्न झालं. नवरदेव, त्याचे आईवडील आणि जवळची मोजकी माणसं विमानानं आली, बाकी वऱ्हाड आगगाडीनं. नवरदेव विमानातून उतरतो आहे हे बघायला पंचक्रोशी लोटली होती, बोरगावहून तर लोक ट्रॅक्टर भरून आले होते. इवायांच्या आयुष्यात तेवढा आनंदाचा दिवस दुसरा नसेल. विमान प्रथमच भरून आलं होतं आणि दुसऱ्या दिवशी खास परवानगीनं भरून जाणार होतं. दुसऱ्या दिवशीची पाठवणी मात्र जगावेगळी झाली. पट्ट्यावर दिवे नाहीत, त्यामुळे दिवस बुडायच्या आत विमान उडालंच पाहिजे अशी पायलटची अट होती. आमच्याकडे पाठवणी म्हणजे निदान दोन तासांचं काम. आधी आई रडते, मग मावश्या, मग आत्या, मग ज्यांचा काही संबंध नाही अशा बाया, आणि नवरीला एकीच्या गळ्यातून सोडवून दुसरीच्या गळ्यात द्यावं लागतं. इथं पायलट घड्याळ बघत होता. त्यात सामानाचा घोळ झाला. कुरड्या, सरगुंडे, लोणच्याच्या बरण्या आणि रुखवतातली पितळी समई एवढं सगळं वजनात बसेना. नव्या नवरीसोबत पाठराखीण म्हणून जायची रीत आहे. त्यासाठी इवायांची एक भरभक्कम आत्या नवी साडी नेसून सकाळपासून तयार होती. पायलटनं आत्याकडे एकदा आणि सामानाकडे एकदा पाहिलं आणि सांगितलं, दोघांपैकी एकच. आत्या म्हणाल्या, "लोणचं जाऊ द्या, पोरीसंग माणूस पायजे." नवरदेवाची आई म्हणाली, लोणचं चालेल.

या सगळ्या गडबडीत इवाई नुसते धावत होते. बरण्या आत ठेवत होते, बाहेर काढत होते, पट्ट्यावर जमलेल्या लोकांना मागे सारत होते, आत्याची समजूत घालत होते. बाया घाईघाईनं रडून घेत होत्या. विहीणबाईंनी पोरीला जवळ घेतलं आणि सोडलं, तेवढ्यात दार लागलं. इवाई सवयीनं झेंडी घेऊन आपल्या जागेवर जाऊन उभे राहिले. विमान धावलं, उडालं, वळलं आणि बघता बघता दिसेनासं झालं. जीपनं पोरगी गेली तर वळणापर्यंत तिचा हात दिसतो, दोन पावलं मागे धावता येतं, धूळ खाली बसेपर्यंत उभं राहता येतं. इथं यातलं काही नव्हतं. लोक पांगले. मी इवायांजवळ गेलो तेव्हा झेंडी त्यांच्या हातात तशीच होती. ते म्हणाले, "इवाई, म्या तिच्याशी बोललोच नाई." मी म्हटलं, फोन करा पोचली की. ते म्हणाले, "थे तं करीनच." त्या क्षणी मला त्यांचा राग आला होता आणि रडूही येत होतं, आणि दोन्ही दाखवता येत नव्हतं.

पावसाळा लागला आणि एका मंगळवारी विमान आलं नाही. ढग आहेत, असं चौकीदारानं सांगितलं. शुक्रवारीही ढग होते. पुढच्या मंगळवारी स्वच्छ ऊन पडलं होतं, आणि इवाई चहाची किटली घेऊन त्या खोलीत बसून होते, तेव्हा चौकीदारानं त्यांना खरं ते सांगितलं. विमान बंद झालं होतं. त्यांच्या एका मुलीच्या सोयरिकीनं कंपनीचं पोट भरणार नव्हतं. त्यानंतर इवाई आणखी काही मंगळवार पट्ट्यावर गेले, आणि मग जायचे थांबले. बकऱ्या परत आल्या, मिरच्या परत आल्या, कुणीतरी नवीन मोटार घेतली आणि गोल गोल फिरवू लागलं. इवाई बगीच्यात खाटेवर पट्ट्याकडे पाठ करून बसत. वैशालीचा फोन आला की विहीणबाई बोलत, मनीषा बोले. इवाई म्हणत, "मी बगीच्यात हाय म्हणा." बगीचा फोनपासून दहा पावलांवर होता.

दिवाळी झाली आणि मनीषा माहेरी येणार होती. तिला घेऊन स्वतः इवाईच आले. पिशवीभर अंबिया बहराची संत्री ओसरीवर ठेवली आणि बसले ते उठेचनात. आत मनीषा आणि तिची आई बोलत होत्या. काय बोलत होत्या देव जाणे. मिक्सर बिघडला, शेजारणीचा मुलगा पास झाला, असलंच काहीतरी. इवाई ते कान देऊन ऐकत होते. मग मला म्हणाले, "इवाई, लोक पोरगी देतात घर पाहून. म्या देली सवारीसाठी. विमान गेलं अन् पोरगीही गेली. वैशालीले नवी नोकरी लागली, दिवाळीले सुट्टी नाई भेटली. आता हे कोनाले सांगू?" त्यांच्या तोंडून असं बोलणं मी कधी ऐकलं नव्हतं. मी काहीतरी सांत्वनाचं जुळवू लागलो, तोवर माझी मनीषा बाहेर आली. सासऱ्यासमोर ती एरवी फारसं बोलत नाही. तिनं फोन लावला आणि त्यांच्या हातात दिला. "बोला बाबा, वैशालीच हाय. बगीचा इथं नाई."

फोनचा आवाज मोठा होता, म्हणून आम्हा सगळ्यांना ऐकू आलं. इवाई आधी खोकले, मग तब्येत विचारली, मग भोपाळला थंडी किती आहे ते विचारलं, आणि मग एकदम म्हणाले, "पोरी, माझ्यानं चूक झाली." पलीकडे वैशाली हसू लागली. "बाबा, कायची चूक? विमान नसतं तं तुम्ही मले पांढुर्ण्याच्या पलीकडं जाऊ देलं असतं का? मले इकडंच यायचं होतं. मले नोकरी करायची होती, मोठ्या शहरात राहायचं होतं. तुम्ही स्वतःहून भोपाळ म्हटलं, तवा मले देवच पावला." इवाई फोनकडे बघत राहिले. "अन् हे तू मले आता सांगून राहिली?" वैशाली म्हणाली, "तवा सांगितलं असतं तं तुम्ही स्वतः जाऊन विमान बंद करून आले असते." माझी बायको आत तोंडाला पदर लावून हसत होती. मला मात्र लग्न ठरताना त्या मुलीची केलेली सगळी कीव आठवली, आणि मी मुकाट्यानं एक संत्रं सोलायला घेतलं.

फोन ठेवल्यावर इवायांचा चेहरा खुलला. त्यांनी चहा मागितला, त्यात साखर कमी आहे असंही सांगितलं. मनावरचं ओझं उतरलं होतं, ते आम्हाला दिसत होतं. पण कप खाली ठेवता ठेवता त्यांचा हात थांबला. "म्हंजे इवाई," ते म्हणाले, "तिले जायाचंच होतं." मी म्हटलं, "हो ना, तुमच्यामुळं नाई गेली ती." ते म्हणाले, "तेच म्हणून राहिलो." मला वाटलं होतं की ही बातमी त्यांना आनंदाची आहे. ती होतीही. पण पोरीनं आपल्यासाठी म्हणून घर सोडलं, एवढा एक आधारही त्या बातमीनं काढून घेतला होता, आणि हे मला ते उठून गेल्यावर कळलं.

पुढच्या आठवड्यात ते भोपाळला निघाले. आगगाडीनं. मी सोबत पांढुर्ण्यापर्यंत गेलो. आयुष्यभर या माणसानं आल्या-गेल्याला निरोप दिला होता, आपल्याला कुणीतरी पोचवायला आलं आहे हे त्यांना सहन होत नव्हतं. सारखे म्हणत होते, तुम्ही जा, तुमची बस चुकेल. गाडी आली तसे ते चढले, संत्र्यांचं पोतं आत ओढलं, जागा मिळाली, तरी उठून दारापाशी येऊन उभे राहिले. बराच वेळ त्यांनी मला बगीच्याला पाणी कधी द्यायचं ते सांगितलं, जे त्यांच्या मुलाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. मग आजूबाजूला बघून, आवाज खाली आणून म्हणाले, "इवाई, तुम्ही तं आमच्या घरी नेहमी येता. पोरीच्या घरी गेलं का पहिले काय बोलावं लागते?"

मी त्यांच्या घरी इतक्या वेळा गेलो होतो, पण याचा विचार मी कधी केला नव्हता. म्हटलं, "काही बोलायचं नसते. ती पानी आणून देते. थे प्यायचं अन् बसून राहायचं. तीच बोलते मंग."

"पानी प्यायचं अन् बसून राहायचं," इवाई स्वतःशी म्हणाले, आणि गाडी हलली.